अजून अर्धा आटा

सगळे ज्याला पैलवान म्हणतात, त्या मेकॅनिकने आयुष्यात कधी कुस्ती खेळलेली नाही. त्याने घातलेला शर्ट अजून हँगरलाच असल्यासारखा दिसतो. देवाने मांस वाटलं तेव्हा त्याच्या वाट्याला आलेलं सगळं उजव्या मनगटात गेलं आणि बाकीचं शरीर नुसत्या हाडांवर भागवावं लागलं. या मनगटाची ख्याती मात्र मोठी आहे. पैलवानाने आवळलेला नट दुसऱ्या कुणाला सुटत नाही, असं त्याची गिऱ्हाइकं कौतुकाने सांगतात. बाकीचे मेकॅनिकही हेच सांगतात, फक्त कौतुकाने नाही.

त्याचा संसारही याच मनगटाच्या धाकात चालतो. मीठ हवं असलं की बायको बरणी घेऊन शेजारच्या वेल्डरकडे जाते. स्वयंपाकघरातला नळ पैलवान असा बंद करतो की आतला वॉशर चिरडतो आणि नळ गळायला लागतो. नळ गळतो म्हणून तो पुढच्या वेळी आणखी जोर लावतो. मुलगी शाळेतून तहानलेली परत येते आणि दप्तरातली पाण्याची बाटली सकाळी भरली होती तशी भरलेलीच असते. चष्म्याच्या काडीचा स्क्रू आवळताना त्याने एक काच तडकवली. तेव्हापासून तो तडा गेलेल्या काचेतून जगाकडे बघतो आणि जगात सगळीकडे ढिलाई आली आहे असं म्हणतो.

या आजाराचं मूळ त्याच्या उमेदवारीच्या दिवसांत आहे. उस्तादांच्या गॅरेजमध्ये त्याने एका गाडीचं चाक बसवलं, गाडी बाहेर पडली आणि पहिल्याच वळणावर ते चाक गाडीच्या पुढे निघून गेलं. रस्ता ओलांडून ते एका न्हाव्याच्या दुकानात शिरलं आणि अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीला टेकून थांबलं. कुणाला खरचटलंही नाही. उस्तादांनी पैलवानाच्या एक थोबाडीत दिली आणि नट ढिला राहिला की माणूस मरतो, एवढं सांगितलं. नट जास्त आवळला की वस्तू मरते, हेही त्यांना सांगायचं असावं. पण ते त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गाल सुजल्यामुळे पैलवान कामावर गेला नाही.

असा हा अर्ध्या शिक्षणाचा माणूस आपल्या थोरल्या बहिणीच्या ट्रकचा एकमेव डॉक्टर होता.

ताई बर्फ वाहते. कारखान्यातून बर्फाच्या लाद्या उचलायच्या आणि सकाळी मासळी बाजारात पोचवायच्या, हा तिचा धंदा. ट्रक तिने स्वतः जुना विकत घेतला आणि ती स्वतःच चालवते. तिचा नवरा घरी बसून कपडे शिवतो. त्याला गाडीत बसलं की मळमळतं, आणि त्याच्या शिवणावर घर चालत नाही. घर चालतं ते ट्रकवर. ट्रक पेट्रोलचा आहे आणि ज्या काळात बनला त्या काळात कार्बोरेटर हीच सुधारणा समजली जात असे.

कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचं स्वयंपाकघर. पेट्रोल आणि हवा मापात कालवून खाली पाठवणं एवढंच त्याचं काम. त्याची बैठक खालच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या ओतीव नळीवर, चार नटांनी बसवलेली असते आणि दोघांच्या मधे कागदी पॅकिंग असतं. तिथे केसाएवढी फट पडली तरी इंजिन त्या फटीतून न मोजलेली हवा ओढतं. रस्त्यावर वेगात हे कळत नाही. पण गाडी उभी राहिली, रेस उतरली, की इंजिनाला धाप लागते, ते दोन-चार उसासे टाकतं आणि झोपतं.

मासळी बाजाराची गल्ली अशी आहे की तिथे गाडी बहुतेक वेळ उभीच असते. पुढे हातगाडी, मागे टेम्पो, दोन्ही बाजूंना टोपल्या. ताईचा ट्रक नेमका तिथे झोपायचा. गरम इंजिन लवकर सुरू व्हायचं नाही. मागचे भोंगे वाजवायचे, विक्रेत्या बायका ताईच्या माहेराचा उद्धार करायच्या, आणि त्यात त्या अगदीच चुकत होत्या असं म्हणता येणार नाही. बर्फ हा मोठा समंजस माल आहे. उशीर झाला तर तो तक्रार करत बसत नाही, गुपचूप निघून जातो.

ट्रक पहिल्यांदा गॅरेजमध्ये आला तेव्हा पैलवानाने बॉनेटखाली कान नेला, डोळे मिटले आणि बैठकीतून हवा ओढतेय असं सांगितलं. निदान अचूक होतं. पुढे त्याने जे केलं त्यामुळे हे विसरलं जाऊ नये. मग त्याने पाना घेतला आणि चारही नटांना अर्धा अर्धा आटा दिला. इंजिन शांत झालं. ताई खुश, पैलवान त्याहून खुश. थोड्या दिवसांनी ट्रक परत आला. पुन्हा अर्धा आटा. नंतर त्याने एकाच्या जागी दोन पॅकिंग घातली, वर शेलॅकचा, म्हणजे चिकट लाखेचा, जाड थर दिला आणि पुन्हा आवळलं. दोन पॅकिंग म्हणजे दुप्पट भरवसा, असा त्याचा हिशेब. पुढच्या वेळी त्याने रेसचा स्क्रूच वर चढवून ठेवला. तेव्हापासून तो ट्रक उभ्याउभ्याही घाईत असल्यासारखा गुरगुरायचा आणि गुरगुरता गुरगुरता बंद पडायचा.

शेवटी बर्फ कारखान्याच्या मॅनेजरने ताईला बोलावून घेतलं. तो फार सभ्य माणूस. आवाज न चढवता त्याने सांगितलं, की उद्या गाडी गल्लीत पुन्हा बंद पडली तर परवापासून बर्फ दुसऱ्या गाडीतून जाईल. दुसरी गाडी कुठली, हे विचारायची गरज नव्हती. त्याच्या मेव्हण्याने नुकतीच नवी व्हॅन घेतली होती आणि ती कामाअभावी कारखान्याच्या फाटकाशी चकचकीत उभी असे. मॅनेजरला या योगायोगाचं फार वाईट वाटत होतं.

ताई दुपारी थेट गॅरेजमध्ये आली. येताना ट्रक दोन चौकांत बंद पडला होता, त्यामुळे तिची प्रस्तावना वाटेतच संपली होती.

"उद्या गल्लीत बंद पडला तर परवापासून मी घरी," ती म्हणाली. "आणि घरी बसले की मला दिवसभर दुसरं काम नाही. रोज इथे येऊन बसेन."

पैलवानाने हात पुसले. "अगं ताई, अर्धा आटा. बाकी काही नाही त्याला."

"गेले कित्येक महिने अर्धा अर्धा आटा देतोयस. एव्हाना तो नट खालून बाहेर पडायला हवा होता."

पैलवानाने हा टोमणा मनावर घेतला नाही. त्याने गॅरेजमागच्या घरातून इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली आणली, इंजिन चालू केलं आणि कार्बोरेटरच्या बैठकीभोवती फवारा मारला. पाणी फटीवर पडलं तसं इंजिनाने ते आत ओढलं, ठसका दिला आणि मग पुन्हा धाप टाकत राहिलं. "बघितलंस?" तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा अभिमान असा होता की जणू ती फट त्याने स्वतः घडवली आहे. ती त्यानेच घडवली होती हे तेव्हा अजून सिद्ध व्हायचं होतं.

फट सापडली, आता उपाय. पाना जेवढा फिरायचा तेवढा आधीच फिरून झाला होता, म्हणून पैलवानाने पान्याच्या दांडीवर लोखंडी पाइपचा तुकडा चढवला. हे दृश्य बघायला शेजारचा वेल्डर दारात येऊन उभा राहिला. हा शांत माणूस आहे. पाइप चढला की काय होतं हे त्याला ठाऊक होतं आणि त्यानंतर वेल्डिंगचं काम निघतं हेही. पैलवानाने श्वास घेतला आणि जोर लावला.

कट्.

नट पान्यात आला. नटात स्टडचं डोकंही आलं. ज्या चार खुंटांवर कार्बोरेटर उभा होता त्यातला एक निम्म्यात तुटला होता. मग पैलवानाने हल्ली मटेरियलच हलकं येतं असं जाहीर केलं.

"हल्ली?" ताई म्हणाली. "तो तुझ्या लग्नाच्या आधीपासून तिथे आहे."

पुलापलीकडे दुसरं गॅरेज आहे आणि ताईच्या मनात ते त्या क्षणी आलं. पण ट्रक तिथवर चालवत न्यायला कार्बोरेटर घट्ट बसलेला असावा लागतो. गिऱ्हाईक टिकवून ठेवायचे अनेक मार्ग ऐकिवात आहेत, पण गिऱ्हाइकाची गाडी हलूच शकणार नाही अशी व्यवस्था करणं त्यात क्वचितच येतं. ताई तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसली आणि आपण इथून हलणार नाही असं तिने सांगितलं.

आता आवळायला काही उरलं नसल्यामुळे पैलवानाला नाइलाजाने कार्बोरेटर उतरवून बघावा लागला. नळ्या सुटल्या, तारा सुटल्या, उरलेले तीन नट वेल्डरच्या मदतीने सुटले. पॅकिंग हातात आली तेव्हा ती दोन्ही चार कोपऱ्यांत चेपून कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. मध्यभागी मात्र ती नवीकोरी होती. त्यावरचा छापील नंबरही वाचता येत होता. म्हणजे कोपरे चिरडत होते आणि मधे कुणाचा कुणाला स्पर्शही होत नव्हता. ताईने ते तुकडे उलटेपालटे करून पाहिले आणि भावाकडे पाहिलं. भाऊ छताकडे बघत होता.

पैलवानाला कळलं नव्हतं असं नाही. बैठक सपाट आहे की नाही हे काचेवर ठेवून बघायचं असतं, एवढं उस्तादांनी गाल सुजण्याच्या आधी शिकवलं होतं. पण काच मागितली तर काच काय सांगेल याची त्याला शंका होती, म्हणून तो बराच वेळ पॅकिंगच्या दर्जाबद्दल बोलत राहिला. चहा घेऊन आलेल्या बायकोने ते ऐकून घेतलं आणि नक्की काय हवंय ते विचारलं. त्याने पुटपुटत सपाट काच म्हटलं. घरात सपाट काच एकच होती, बायकोच्या शोकेसचं सरकतं दार. ती आत गेली आणि कपबशांना उघड्यावर टाकून ते दार घेऊन आली. त्या घरात एवढा मोठा त्याग पूर्वी झालेला नाही.

त्याने काच बाकावर ठेवली, बैठक पुसली आणि काचेवर उभी केली. मग एका कोपऱ्यावर बोट टेकवलं.

टक.

समोरचा कोपरा उचलला गेला. त्याने बोट दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवलं. टक. ताई डब्यावरून उठली आणि तिने स्वतः बोट ठेवून पाहिलं. एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखी ती बैठक काचेवर डुलत होती, आणि तिच्या पोटाखालून पलीकडचा उजेड दिसत होता.

"हे असंच येतं का कंपनीतून?" ताईने विचारलं.

इथे पैलवानाला पळवाट होती. जुनं झालं की वाकतं, उष्णतेने वाकतं, खड्ड्यांनी वाकतं, असं काहीही तो सांगू शकला असता आणि ताईला ते खोडता आलं नसतं. तोंड उघडूनही झालं होतं. पण त्याने पुन्हा एकदा बोट टेकवलं, पुन्हा टक झालं, आणि त्याने तोंड मिटलं.

"नाही," तो म्हणाला. "हे माझं आहे. चारही कान, हे नटांचे कोपरे, खाली वाकलेत. दर वेळी थोडे थोडे, मीच वाकवलेत."

"मला वाटलं फक्त बरण्याच," बायको म्हणाली आणि कप गोळा करून आत गेली.

ताईने चिडून काही बोलावं अशी सगळ्यांची, विशेषतः वेल्डरची, अपेक्षा होती. तिने फक्त भावाच्या हातातला बारा नंबरचा पाना काढून घेतला, आपल्या पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. मग बैठक सरळ होईल का, आणि आज होईल का, एवढंच विचारलं. होईल, पण वेळ लागेल, असं तो म्हणाला. वेळ आहे, माझ्याकडे परवापासून वेळच वेळ असणार आहे, असं ती म्हणाली.

मग पैलवानाच्या आयुष्यातलं सर्वांत कठीण काम सुरू झालं. त्याने बैठकीचा भाग सुटा केला, काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवला, तेलाचे थेंब सोडले आणि बैठक त्यावर गोल गोल घासायला लागला. या कामात जोर लावायचा नसतो. जोर लावला की एक बाजू जास्त खाल्ली जाते आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. त्या मनगटाला हे सांगून पटत नव्हतं, म्हणून डब्यावर बसलेली ताई मधूनमधून "दाबू नकोस" म्हणत होती. आधी चार कोपरे चमकले आणि मधला भाग काळाच राहिला. मग चमक हळूहळू आत सरकायला लागली. पैलवान दर थोड्या वेळाने बैठक उलटी करून बघायचा, घाम पुसायचा आणि पुन्हा घासायला लागायचा. वेल्डरने त्याला इतकं हळुवार काम करताना पूर्वी पाहिलं नव्हतं. तो स्वतःचं काम सोडून बघत बसला, आणि नंतर लाज वाटून आपल्या डब्यातून त्या मापाचा एक स्टड शोधून घेऊन आला.

तुटलेल्या स्टडचा जो बुंधा मॅनिफोल्डवर उभा होता, तो तेल पाजून मोठ्या पकडीने निघाला आणि त्याच्या जागी वेल्डरचा स्टड बसला. मॅनिफोल्डवर पैलवानाने स्टीलची पट्टी उभी धरली आणि मागून टॉर्चचा उजेड पाडून बघितला. कुठेच फट नव्हती. ते ओतीव लोखंड होतं. एवढ्या महिन्यांच्या उपचारांना पुरून उरलेलं ट्रकमध्ये तेवढंच होतं.

ऊन उतरायच्या सुमाराला बैठक काचेवर ठेवून चारही कोपऱ्यांवर बोट टेकवून झालं. टक झालं नाही. पैलवानाने सगळे भाग पेट्रोलने धुतले, पंपाने वारा मारून कण उडवले, पॅकिंगचा नवा कागद बैठकीवर ठेवून हातोडीने कडा ठोकत कापला. एकच पॅकिंग, शेलॅक नाही. मग त्याने हात पुढे केला. ताईने पर्स उघडली आणि पाना दिला. पैलवानाने तो दांडीच्या टोकाला न धरता मधोमध, दोन बोटांत धरला, आणि एक नट झाला की त्याच्या समोरचा, मग बाजूचा, मग त्याच्या समोरचा, असे थोडे थोडे करत चारही बसवले. मधेच एकदा मनगटाला जुनी आठवण झाली. ताईने खाकरून दाखवलं. पाना परत पर्समध्ये गेला.

इंजिन सुरू झालं. पैलवानाने रेसचा स्क्रू खाली आणला. पूर्वी जिथे इंजिन झोपायचं त्याच्याही खाली आणला. ते चालत राहिलं. त्याने बैठकीभोवती पाण्याचा फवारा मारला. इंजिनाने दखल घेतली नाही. ताईने एवढ्यावर भरवसा ठेवला नाही. गॅरेजमध्ये धडधडणं आणि गल्लीत धडधडणं यात फरक असतो हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवान तिच्या शेजारी बसून गेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो बर्फाची बिलकूल काळजी नसल्यासारखा खिडकीतून बाहेर बघत होता. गल्लीत नेहमीप्रमाणे हातगाडी आडवी होती. ट्रक थांबला आणि मागे टेम्पो येऊन चिकटला. गल्लीच्या तोंडाशी नवी व्हॅन उभी होती आणि शेजारी मॅनेजर. सहज आलो होतो, असं त्याने नंतर सांगितलं.

ट्रक उभा राहिला. रेस उतरली. रोजचं गुरगुरणं आलंच नाही. एका टोपलीवालीने मान वर केली आणि आज लवकरच झोपला वाटतं, असं शेजारणीला सांगितलं. मॅनेजरनेही तेच अनुमान काढलं. तो सभ्य चेहरा करून, हळहळ व्यक्त करायच्या तयारीने ट्रकपाशी आला आणि खिडकीखाली उभा राहून म्हणाला, "बाई, मी काल म्हणालोच होतो."

"काय म्हणाला होतात?" ताईने विचारलं. आणि हातगाडी सरकली तसा तिने ट्रक पुढे घेतला.

मॅनेजरला बाजूला व्हावं लागलं. गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ट्रक थांबत, सरकत, पुन्हा थांबत गेला आणि एकदाही बंद पडला नाही. लाद्या उतरल्या, त्यांच्या कडा अजून धारदार होत्या. मॅनेजरने व्हॅनला परत जायची खूण केली. त्याला अर्थातच फार आनंद झाला होता.

लाद्या उतरल्यावर ताईने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. त्या गल्लीत ते तिने स्वतःच्या मर्जीने बंद करण्याची कित्येक महिन्यांतली ही पहिलीच वेळ. इंजिन निवेपर्यंत पैलवान चुळबुळत बसला होता. शेवटी त्याने घसा साफ केला आणि एक सांगायचं आहे म्हणाला. नवं पॅकिंग पहिल्यांदा तापून निवलं की थोडं बसतं आणि नट किंचित सैल होतात, म्हणून ते एकदा, फक्त एकदा, आवळून घ्यावे लागतात. ही खरोखरची रीत आहे, हवं तर कुणालाही विचार, असं तो म्हणाला. तो खरं बोलत होता. पण हे वाक्य जगात ज्या एकाच माणसाने बोलायला नको होतं, तो माणूस ते बोलत होता.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पर्स उघडून पाना काढला, भावाला खाली उतरायला सांगितलं आणि बॉनेट स्वतः उचललं.

"कुठला आधी?" तिने विचारलं.

"तो नाही. त्याच्या समोरचा."

तिने पाना नटावर बसवला आणि जपून फिरवला. "अजून?"

पैलवानाचं मनगट खिशात होतं आणि खिसा हलत होता.

"नाही," तो म्हणाला. "बस. आता पुढचा."